पायरी चुकली की पाय?

कोणतीही विद्या पायरीपायरीने चढावयाची असते, हे वचन आपण लहानपणापासून इतक्यांदा ऐकतो की त्यातील ‘पायरी’ या शब्दाकडे आपले लक्षच जात नाही. चढणाऱ्याने चिकाटी धरावी, कंटाळू नये, असा उपदेश सर्वत्र होतो. परंतु पायरी बांधणाऱ्याने ती कशी बांधावी, आणि ती नीट बांधली गेली आहे किंवा नाही हे त्याला कोणी व कसे सांगावे, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात आम्ही हाच विचार मांडणार आहोत, आणि त्यासाठी उदाहरण घेणार आहोत ते ताल वाजविण्याच्या खेळाचे. विषय खेळाचा आहे म्हणून गंभीर वृत्तीच्या वाचकांनी पान उलटू नये, एवढी प्रारंभीच विनंती आहे. खेळात जी गोष्ट उघडी दिसते तीच वर्गात झाकलेली असते, असा आमचा अनुभव आहे.

प्रथम हा खेळ कसा असतो ते सांगितले पाहिजे. जपानमधील नामको या कंपनीने २००१ साली ‘ताइको नो तात्सुजिन’ नावाचा एक खेळ काढला. ‘ताइको’ म्हणजे जपानी ढोल. खेळणाऱ्यापुढे खराखुरा वाटावा असा ढोल असतो, हातांत दोन टिपऱ्या असतात आणि समोरच्या पडद्यावर गाण्याबरोबर लाल व निळ्या टिकल्या सरकत येतात. लाल टिकली ठरलेल्या वर्तुळात आली की ढोलाच्या मध्यभागी आघात करावयाचा, निळी आली की कडेवर. आघात वेळेवर पडला तर गुण मिळतात, मागेपुढे झाला तर कमी मिळतात किंवा मिळतच नाहीत. एकाच गाण्याच्या चार पायऱ्या असतात. त्यांची जपानी नावे कानतान, फुत्सू, मुझुकाशी आणि ओनी अशी आहेत. अर्थ अनुक्रमे सोपी, साधारण, कठीण आणि राक्षस! वरच्या पायरीवर टिकल्या दाट होतात, आणि अचूकतेची मर्यादाही अधिक अरुंद होते. पुढे या धर्तीचे खेळ घरातील संगणकावर व हातातील मोबाइलवरही आले. २००७ साली निघालेल्या ‘ओसू’ नावाच्या खेळात तर खेळणारे लोक स्वतःच गाण्यांवर आघातांची रचना करतात, आणि इतर खेळाडूंनी ती वाजवून पाहून दोष दाखविल्यानंतर व ते दुरुस्त झाल्यानंतरच त्या रचनेला मान्यता मिळते. म्हणजे जो काल शिकत होता तोच आज दुसऱ्यांसाठी पायरी बांधतो, आणि तिसरा कोणी ती पारखतो.

हा प्रश्न परदेशातून आयात झालेला नाही. आपल्या संगीतात तो फार पूर्वीपासून आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, आणि १९३१ साली त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले. या मंडळाच्या परीक्षांची नावेच पाहा: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. तबला व पखवाज शिकणारा विद्यार्थी याच पायऱ्यांनी वर जातो. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी बंदिशींचे सहा भाग प्रसिद्ध केले, तेव्हा त्या मालेला ‘क्रमिक पुस्तकमालिका’ हे नाव दिले. ‘क्रमिक’ या एका शब्दात किती विचार भरला आहे! कोणत्या रागानंतर कोणता राग आणि कोणत्या बंदिशीनंतर कोणती बंदिश, हे ठरविणे म्हणजेच पायऱ्या बांधणे होय. आमच्या माळव्याला तर तालाचा मोठा वारसा आहे. होळकरांच्या इंदुरात नाना पानसे यांच्यासारखे पखवाजाचे थोर आचार्य होऊन गेले आणि त्यांची शिष्यपरंपरा मध्य भारतापासून महाराष्ट्रापर्यंत पसरली. गुरू समोर बसून शिकवीत असे, तेव्हा शिष्याचा हात कोठे अडखळला हे त्याच्या डोळ्यांना दिसे व कानांना ऐकू येई. त्याच क्षणी तो बोल संथ करून देई किंवा मागच्या पलट्यावर परत नेई. शिष्याने तोंडाने काही सांगण्याची गरजच पडत नसे. छापील पुस्तक, ध्वनिफीत किंवा मोबाइलवरील खेळ यांना मात्र डोळेही नाहीत आणि कानही नाहीत. आघात चुकला एवढेच यंत्राला कळते. तो का चुकला हे कळत नाही. म्हणून शिकणाऱ्याने आपला अभिप्राय शब्दांत सांगणे आता आवश्यक झाले आहे.

पण आपण अभिप्राय देतो तो कसा? दोन वाक्यांत त्याची समाप्ती होते. एक म्हणतो, “फारच अवघड आहे बुवा!” दुसरा म्हणतो, “हॅः, यात काय आहे?” पहिल्याच्या बोलण्यात कुरकुर असते व दुसऱ्याच्या बोलण्यात फुशारकी असते, रचनाकाराच्या उपयोगाचे दोहोंतही काहीच नसते. वैद्याकडे जाऊन “बरे वाटत नाही” एवढेच सांगून औषध मागण्यासारखा हा प्रकार आहे. दुखते कोठे, केव्हापासून, चालताना की बसताना, हे सांगितल्यावाचून वैद्य तरी काय करणार?

अवघडपणा ही एकच वस्तू नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. बहुतेकांना वाटते की लय वाढली म्हणजे अवघड झाले. थोडा हिशेब करून पाहू. मिनिटाला ६० मात्रांची लय असेल तर एका मात्रेला एक सेकंद मिळतो. दुगुनीत सेकंदाला दोन अक्षरे वाजतात, चौगुनीत चार. लय १२० केली तर मात्रा अर्ध्या सेकंदाची होते. म्हणजे १२० च्या दुगुनीत सेकंदाला चार अक्षरे पडतात, आणि ६० च्या चौगुनीतही चारच. आकडा एकच, परंतु वाजविणाऱ्याला विचारा, दोन्ही सारखी वाटतात काय? संथ लयीत मात्रांमधील अंतर मनात धरून ठेवावे लागते, आणि ते धरून चार अक्षरे समान वाटावी लागतात. जलद लयीत मात्रा स्वतःच हाताला ओढून नेते. एकाला पहिले कठीण, दुसऱ्याला दुसरे.

हाताच्या ठेवणीचेही तसेच आहे. ‘ना ना ना ना’ ही चार अक्षरे आहेत आणि ‘तिरकिट’ हीही चारच अक्षरे आहेत. पहिल्यात एकच बोट चाटेवर पुनःपुन्हा पडते. दुसऱ्यात उजव्या हाताची बोटे आळीपाळीने पडतात आणि मध्येच डावा तळवा डग्ग्यावर बंद आघात करतो. पहिल्याने बोट थकते, दुसऱ्याने डोके गोंधळते. मोजणीची अडचण आणखी निराळी. त्रितालाच्या १६ मात्रा चार-चारच्या चार सारख्या विभागांत बसतात, आणि नवव्या मात्रेवर खाली येऊन डग्ग्याचा घुमारा मागे घेतला जातो, त्यामुळे वाट चुकलेल्यालाही आपण कोठे आहोत हे कळते. रूपक अवघा सात मात्रांचा. पण तीन, दोन, दोन असे त्याचे विभाग, आणि समेवरच खाली! त्रितालात मुरलेला विद्यार्थी संथ रूपकातही पहिल्या दिवशी चाचपडतो. शेवटी टिकावाचा प्रश्न. जी लय दहा सेकंद सहज पेलते तीच दोन मिनिटे पेलताना मनगट भरून येते. तेव्हा कोणी “अवघड” म्हटले की लयीने, अक्षरांच्या दाटीने, हाताच्या ठेवणीने, मोजणीने की थकव्याने, असे त्याला पाच प्रश्न विचारले पाहिजेत. या पाचांचा तोल म्हणजेच पायरीचा तोल.

याखेरीज एक खोटा अवघडपणा असतो. मोबाइलला बिनतारी इअरफोन लावले की पुष्कळदा आवाज कानापर्यंत उशिरा पोहोचतो. हा उशीर एक दशांश सेकंद किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. दशांश सेकंद म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण १२० च्या लयीतील चौगुनीत एका अक्षराच्या वाट्याला अवघा एक अष्टमांश सेकंद येतो. म्हणजे जवळजवळ एक अख्खे अक्षर मागे राहिले! मुलगा कानाने ऐकून अगदी बरोबर वाजवितो आणि यंत्र त्याला चूक म्हणते. तो पुन्हा वाजवितो, पुन्हा चूक. अखेरीस त्याचा स्वतःच्या कानावरील विश्वास उडतो. बारीक अक्षरे, एकमेकांत मिसळणारे रंग, आघाताच्या क्षणीच मध्ये येणारी चित्रे, हीही याच जातीची. यांत तालाची परीक्षा नाही, नुसता अडथळा आहे. अनेक खेळांत आवाज व आघात यांचा मेळ बसवून घेण्याची सोय असते; अवघड अवघड म्हणून ओरडण्यापूर्वी ती वापरून पाहावी, हे खेळणाऱ्याचेही कर्तव्य आहे.

मग योग्य अवघडपणा आणि अयोग्य अवघडपणा ओळखावा कसा? येथे आमच्या डोळ्यांपुढे नेमावरचा घाट येतो. नर्मदेच्या उत्तर तीरावरील हे गाव पूर्वी इंदूरच्या होळकर संस्थानात होते, आज देवास जिल्ह्यात आहे. पैलतीरी हंडिया आहे. सिद्धनाथाच्या प्राचीन मंदिरामुळे ते प्रसिद्ध आहे, आणि नर्मदेचे नाभिस्थान म्हणून परिक्रमावासी त्याला मानतात. नदीकाठच्या कोणत्याही घाटावर उतरणाऱ्या वृद्ध स्त्रीकडे पाहावे. दोन-चार पायऱ्या उतरल्यावर पावलाला उंचीचा अंदाज येतो, आणि मग ती खाली न पाहताही उतरते. पायऱ्या उंच असल्या तरी सारख्या असल्या म्हणजे पाऊल शिकते. पण मध्येच एखादी पायरी वीतभर अधिक खोल असेल, तर तरुण माणूसही तोल जाऊन पडतो. त्या पडणाऱ्याला आपण “नीट पाहून चाल” म्हणतो. पण दहाजण त्याच ठिकाणी पडत असतील तर पाय चुकला नाही, पायरी चुकली, असेच म्हटले पाहिजे.

आमची कसोटी यावरून निघते. ज्या ठिकाणी अडखळणाऱ्याला आपण का अडखळलो हे स्वतःला कळते, ती पायरी कितीही उंच असो, योग्य होय. “माझा डावा हात मागे पडला”, “मी सातऐवजी आठ मोजले”, असे तो सांगू शकला की तो अर्धा शिकलाच. उद्या तो पुन्हा बसेल. आणि ज्या ठिकाणी दहा वेळा चुकूनही का चुकले हे कळत नाही, ती पायरी कितीही बुटकी असो, सदोष होय. तिच्यापुढे बसलेला मुलगा उद्या येणार नाही.

नाभिस्थानाच्या कल्पनेवरून आणखी एक गोष्ट सुचते. उगम आणि मुख यांचे कौतुक सर्वांनाच असते. मधल्या प्रवाहाची आठवण फार थोड्यांना राहते. रचनाकारांचेही असेच होते. पहिला पाठ ते प्रेमाने रचतात, कारण नवशिक्याला आकर्षून घ्यावयाचे असते. शेवटचा पाठ ते अभिमानाने रचतात, कारण तेथे आपले कौशल्य दिसते. मधला पाठ मात्र ‘पहिल्यापेक्षा थोडा जलद’ एवढ्यावर सोडून देतात. आमच्या मते तोलाची खरी परीक्षा या मधल्या पायऱ्यांवर आहे. ‘सोपी’ पूर्ण आली आणि ‘साधारण’ मुळीच येत नाही, अशा स्थितीत सापडलेला विद्यार्थी हाच पायऱ्यांमधील भगदाडाचा पुरावा होय.

आता हा पुरावा द्यावयाचा कोणी? मत विचारले की सर्वांत आधी बोलतात ते वर्गातील पटाईत वादक. त्यांच्या बोलण्यात माहिती असते, हे आम्ही मान्य करतो; पण ज्या पायरीवरून उडी मारून ते गेले ती त्यांच्या पायांना लागलेलीच नसते. त्यांना अधिक दाटी हवी, अधिक लय हवी. रचनाकार त्यांचेच ऐकत गेला तर खेळ वर्षागणिक त्यांच्यापुरता उरतो. जो सोडून गेला तो तर बोलावयास राहिलेलाच नसतो. म्हणून आमचे आग्रहाचे म्हणणे असे की, अवघडपणाविषयीची पहिली साक्ष अडखळणाऱ्याची घ्यावी. ज्याला येत नाही त्याला मत देण्याचा अधिकार नाही, ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. पायरी कोठे खोल आहे हे पडलेल्यालाच अचूक सांगता येते.

यावर कोणी म्हणेल, अशाने प्रत्येक तक्रारीसरशी पायरी उतरवीत जावे लागेल, आणि शेवटी घाटाचे मैदान होईल. आक्षेप खरा आहे. सोपे करणे म्हणजे दया नव्हे. ज्या रचनेत एकही आघात चुकत नाही तिचा कंटाळा येतो. कष्टाने तिहाई समेवर आणून सोडण्यात जो आनंद आहे तो कोणाही मुलाच्या हातून हिरावून घेऊ नये. परंतु आम्ही पायरी काढून टाका असे म्हणत नाही. दोन पायऱ्यांच्या मध्ये एक पायरी घाला असे म्हणतो. तबल्याचा कायदा पाहा. मूळ बोल तोच, त्याचे पलटे एकामागून एक वाढत जातात. प्रत्येक पलट्यात जुने बरेच व नवे थोडे असते. शेवटचा पलटा कठीणच असतो, पण त्याच्या दारापर्यंत विद्यार्थी ओळखीच्या वाटेने येतो.

तेव्हा, विद्यार्थीमित्रहो, अभिप्राय देताना काही गोष्टी पाळू या. प्रथम स्थळ सांगावे: कितव्या आवर्तनात, कोणत्या मात्रेवर हात अडला. मग स्वतःविषयी सांगावे: किती दिवस शिकतो आहोत, किती वेळा प्रयत्न केला, कारण पहिल्या प्रयत्नातील “अवघड” आणि विसाव्या प्रयत्नातील “अवघड” यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. नंतर काय घडले ते सांगावे: हात मागे पडला, पुढे धावला, अक्षर गळले की समच हरवली. उपाय सुचवावयाचा असेल तर तो सर्वांत शेवटी सुचवावा. “लय कमी करा” असे आपण पटकन म्हणतो, पण दोष कदाचित लयीचा नसून मागच्या पाठात ‘तिरकिट’ आलेच नव्हते हा असेल. दुखणे आपण सांगावे. औषध रचनाकाराला शोधू द्यावे. जेथे कंटाळा आला तेही सांगावे, आणि जेथे वाजविताना मन उचंबळून आले ते तर आवर्जून सांगावे, नाहीतर दुरुस्तीच्या भरात तेच नेमके पुसले जावयाचे.

रचनाकाराचेही काही कर्तव्य आहे, मग तो खेळ रचणारा असो, धाकट्यांना ठेका शिकविणारा वरच्या वर्गातील विद्यार्थी असो किंवा प्रश्नपत्रिका काढणारे गुरुजी असोत. रचना स्वतःला येते, म्हणून ती सोपी, असे त्याने मानू नये; जो रचतो त्याला पुढचे अक्षर आधीच ठाऊक असते. दुसरा वाजवीत असता त्याने मध्ये बोलू नये, हाताकडे पाहावे. एकाची तक्रार लिहून ठेवावी. तिघांची तक्रार एकाच मात्रेवर येऊन मिळाली की पायरी तपासावी. आणि अडखळणाऱ्याने तोंड उघडताच “तुझाच रियाज कमी” हे वाक्य उच्चारू नये. रियाज कमी असेलही; पण ते वाक्य ऐकल्यावर तो मुलगा पुन्हा कधीच काही सांगणार नाही, आणि ती खोल पायरी पुढच्या प्रत्येकाला पाडीत राहील.

एवढ्या लहानशा विषयावर एवढे का लिहिले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या आसपासच आहे. “मला तालच नाही”, “मला गणित येतच नाही”, “माझ्या डोक्यात व्याकरण शिरत नाही”, असे दहाव्या-अकराव्या वर्षीच स्वतःविषयी ठरवून बसलेली मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांतील काहींची समजूत खरी असेल. परंतु कित्येकांच्या बाबतीत एखाद्या मधल्या पायरीवर पाऊल फसले, का फसले ते कोणी सांगितले नाही, आणि त्यांनाही कोणी विचारले नाही, एवढेच घडलेले असते. एका पायरीचा दोष जन्मभर पायाच्या माथी बसतो. घरोघरच्या वडीलधाऱ्यांना म्हणून आमची विनंती आहे की, मूल एखादी गोष्ट सोडून उठले तर “का सोडलीस?” असे दरडावून विचारण्याऐवजी “कोठे अडले?” असे विचारावे. आणि ज्यांना विचारले जाईल त्यांनी “अवघड आहे” एवढ्यावर न थांबता, हात नेमका कोणत्या मात्रेवर अडला ते बोट ठेवून दाखवावे. त्या एका बोटाने पुढच्या मुलाची वाट सुकर होईल.